तीस स्टिकर, चौदा महिने: वॅकी पॅकेजेसचा पहिला संच पुण्यात बसून कसा पुरा केला

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि ३१ जानेवारी २०२३ पर्यंत घर रिकामं करून द्यायचं ठरलं. माळ्यावर बाबांची निळी पत्र्याची ट्रंक होती. अमेरिकेहून परत येताना आणलेली. झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला अकरा स्टिकर चिकटवलेले दिसले. सत्तेचाळीस वर्षं ते तिथे होते आणि मी साफ विसरले होते.

हे वॅकी पॅकेजेस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेसबॉल कार्डं आणि च्युइंगम विकणाऱ्या टॉप्स या ब्रुकलिनच्या कंपनीने १९६७ साली दुकानातल्या नेहमीच्या मालाची टर उडवणारी चित्रं काढली. खोकं, डबा, बाटली हुबेहूब तशीच, फक्त नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं. १९७३ मध्ये तीच कल्पना मागचा कागद सोलून चिकटवायच्या स्टिकरच्या रूपात परत आली आणि १९७५ पर्यंत सोळा मालिका निघाल्या. पाकीट पाच सेंटचं. काही काळ तर ती कंपनीच्या बेसबॉल कार्डांपेक्षाही जास्त खपत होती.

१९७३ साली मी नऊ वर्षांची होते आणि दादा बारा. १९६५ साली अमेरिकेतला स्थलांतराचा कायदा बदलला, त्यानंतर गेलेल्या इंजिनिअरांपैकी आमचे बाबा एक. आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एल्महर्स्टला राहत होतो. कोपऱ्यावरच्या गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात शनिवारी दहा सेंट घेऊन जायचं, दोन पाकिटं आणायची आणि जिन्यात बसून फोडायची. आत स्टिकर, च्युइंगमची गुलाबी पट्टी आणि एक पुठ्ठ्याचा तुकडा. त्या तुकड्याच्या एका बाजूला स्टिकरांची यादी आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या चित्राचा एक भाग. असे नऊ तुकडे जोडले की चित्र पुरं व्हायचं.

आमची गंमत इतर मुलांपेक्षा वेगळी होती, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळेच. घरात भाकरी, आमटी, भात. प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं म्हणून आई जेल-ओ नावाची जेली घरात येऊ देत नसे. त्यामुळे ‘जेल-ओ’ची टर उडवणारा स्टिकर आम्ही आधी पाहिला. इंग्रजीत मधली दोन अक्षरं बदलली की जेलीचा तुरुंग होतो. मूळ खोकं कितीतरी नंतर सुपरमार्केटात दिसलं आणि दादा तिथेच ओरडला, “अगं, हे खरंच आहे!” वर्गातल्या मुलांना माल आधी माहीत होता आणि विनोद नंतर कळला. आम्हाला विनोद आधी कळला आणि माल नंतर. अमेरिकेतलं किराणा दुकान आम्ही असं उलट्या बाजूने शिकलो.

ट्रंकेच्या झाकणावरचा सर्वात ठळक स्टिकर हाच होता. पॅकर्स येणार होते त्याच्या आदल्या रात्री मी हेअर ड्रायर लावून तो काढायला गेले. एक कोपरा छान सुटला. मला वाटलं, जमतंय. पुढच्या क्षणाला वरचा छापील पापुद्रा वेगळा झाला आणि गोंद लागलेला कागद पत्र्याला तसाच राहिला. निम्मा स्टिकर हातात, निम्मा झाकणावर. त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणाकडे असे जुने चिकटवलेले स्टिकर असतील तर माझं ऐका, काढू नका. त्या काळचा कागद पातळ असतो आणि गोंद वाळून दगड झालेला असतो. फोटो काढा आणि वस्तू आहे तशी जपा.

सकाळी न्यू जर्सीला दादाला फोन केला. तो म्हणाला, “रडू नकोस. जेल-ओ मिळतो अजून. पण मग नुसता तोच कशाला, पहिली मालिका पुरीच करू या. तीसच तर आहेत.”

फेब्रुवारी सगळा वाचण्यात गेला. संग्राहकांनी पन्नास वर्षांत या स्टिकरांचा केवढा अभ्यास केलाय! मागचा कागद पांढरा की फिकट तपकिरी, यावर किंमत ठरते. पहिल्या मालिकेचे दोन्ही प्रकार आहेत. पांढऱ्या पाठीचे आधीचे आणि महाग, तपकिरी पाठीचे त्यामानाने सहज मिळणारे. याशिवाय लडलो नावाच्या कंपनीचं नाव छापलेल्या कागदावरचेही काही आहेत, त्यांच्या वाटेला मी गेले नाही. बाबांच्या १९७४ च्या डायरीत न चिकटवलेला एक ‘क्वॅकर ओट्स’ सापडला होता. मूळ नाव क्वेकर. क्वॅक म्हणजे बदकाचं ओरडणं. तो पालथा केला तर पाठ तपकिरी. मग ठरलंच, संच तपकिरी पाठीचा करायचा. आपल्या घरातला एक तरी त्यात असणार होता.

त्या महिन्यात दादाचे आणि माझे फोन तासतासभर चालत. एकेक विनोद आम्ही पुन्हा सोडवत होतो. पीनट बटरचं ‘स्किपी’ झालं ‘स्किम्पी’, म्हणजे हात आखडता घेणारं. विजेत्यांचा नाश्ता म्हणून विकले जाणारे गव्हाचे पोहे ‘व्हीटीज’ झाले ‘वीकीज’, गव्हाचे दुबळे झाले. ‘बँड-एड’चं ‘बँड-एक’, मलमपट्टीच दुखायला लागली. ‘क्रेस्ट’ टूथपेस्टचं ‘क्रस्ट’, दातांवर पोपडा धरवणारी. ‘टाइड’ पावडरीच्या नावाचा उच्चार अगदी तोच ठेवून स्पेलिंग बदललं की अर्थ होतो बांधलेलं. आणि ‘मिनिट राइस’चं ‘मिनिट लाइस’, तांदळाच्या जागी उवा. त्या वर्षी शाळेतून उवांबद्दल चिठ्ठी आली होती. आईने माझ्या केसांना रॉकेल चोळलं होतं, आणि त्याच आठवड्यात मी तिला हा स्टिकर दाखवला. तिने त्यानंतर दुकानातलं ते खोकं कधी हातातही घेतलं नाही. चांगला तांदूळ आणायला लांब जावं लागायचं, तरी ती जायची.

चित्रांबद्दल एक सांगायलाच हवं. यातली बहुतेक चित्रं नॉर्मन सॉन्डर्स या चित्रकाराने रंगवली. जुन्या रहस्यकथांच्या आणि साहसकथांच्या मासिकांची मुखपृष्ठं रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. कल्पना सुचवणाऱ्यांमध्ये आर्ट स्पीगलमन होता, ज्याला पुढे १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. तेव्हा तो पंचविशीतला पोरगा होता. भिंग घेऊन बघा, पत्र्याच्या डब्याची चमक, खोक्याची चेपलेली कड, सगळं ब्रशने काढलेलं आहे. मूळ वेष्टन इतकं मन लावून काढलंय म्हणूनच एका अक्षराचा फरक एवढा हसवतो. काम हलक्या हाताने उरकलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं.

४ मार्चला ई-बेवर पहिली खरेदी केली. अठरा स्टिकरांचा जुडगा, ४६ डॉलर, भारतात टपालाने पाठवायचे १६ डॉलर. एकूण ६२ डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ ५,१०० रुपये. बँकेने परकीय चलनाचे वरचे दोनशे घेतले. पहिल्यांदा पैसे गेलेच नाहीत. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागतात. हे कळायला माझी एक संध्याकाळ गेली. आधीच करून ठेवा, आणि मर्यादा कमी ठेवा.

मग वाट पाहणं. तीन आठवड्यांनी ट्रॅकिंगवर पार्सल भारतात आल्याचं दिसलं आणि तिथेच थांबलं. दहा एप्रिलला कस्टम्सचं पत्र आलं: आतल्या वस्तूचं वर्णन, किमतीचा पुरावा आणि ओळखपत्र पाठवा. मी ई-बेची पावती, कार्डाच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट, आधारची प्रत आणि साध्या मराठी-इंग्रजीत चार ओळींचं पत्र ईमेल केलं. “छापील कागदी स्टिकर, पन्नास वर्षं जुने, स्वतःच्या संग्रहासाठी, विक्रीसाठी नाही.” एकोणीस दिवस उत्तर नाही. रोज सकाळी चहाबरोबर ट्रॅकिंग बघायची सवय लागली होती. शेवटी मे महिन्याच्या दोन तारखेला पोस्टमन दारात. शुल्क ३,९२९ रुपये. मला आधी वाटलं आकडा चुकलाय. चुकला नव्हता. तेव्हा स्वतःच्या वापरासाठी बाहेरून मागवलेल्या वस्तूंवर सगळं मिळून सुमारे ७७ टक्के बसत होतं, आणि तेही वस्तूच्या किमतीत टपालखर्च मिळवून. पाच हजारांच्या वस्तूला चार हजार शुल्क. भेटवस्तू म्हणून लिहून पाठवायला सांगा, असा सल्ला मला दोघांनी दिला. तो ऐकू नका. खोटं तर आहेच, शिवाय भेटवस्तूलाही शुल्क लागतं. विकणाऱ्याला आधीच सांगून पार्सलावरच्या फॉर्मवर खरी किंमत आणि ‘छापील कागदी स्टिकर’ एवढं स्पष्ट लिहवून घ्या, म्हणजे निदान पत्रव्यवहार वाचतो.

पाकीट उघडलं आणि आनंद अर्ध्या तासात ओसरला. अठरापैकी पाच स्टिकरांवर बारीक आकडे होते. हे १९७३ चे नव्हेत. टॉप्सने १९७९ मध्ये जुनी चित्रं पुन्हा छापली तेव्हा त्यांना क्रमांक दिले. १९७३ च्या स्टिकरांवर क्रमांक नाहीत. नवख्या माणसाने हे एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ: पुढच्या बाजूला आकडा दिसला तर १९७३ चा नाही. जाहिरातीतल्या फोटोत स्टिकर एकमेकांवर रचलेले होते, त्यामुळे आकडे झाकले गेले होते. विकणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्याच्याही घरात कुणाचा तरी जुना खोका निघाला असेल. मी वर्णनाप्रमाणे वस्तू नसल्याची तक्रार नोंदवली. वस्तू हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती करावी लागते. फोटो जोडले, भाषा नम्र ठेवली. आठ दिवसांत १३ डॉलर परत आले. त्या पाच स्टिकरांवर भरलेलं शुल्क मात्र परत मिळत नाही.

उरले तेरा अस्सल, आणि घरातला क्वॅकर ओट्स. चौदा झाले. सोळा बाकी.

त्यानंतर सगळा माल दादाच्या पत्त्यावर. मी इथे रात्री शोधायचे, दुवा पाठवायचे, तो तिकडे सकाळी विकत घ्यायचा. हिशेबाची वही माझ्याकडे. तीन डॉलरपासून नऊ डॉलरपर्यंत एकेक स्टिकर मिळत गेला. कधी दोन-तीन एकत्र घेतले की त्यात आधीच असलेला एखादा यायचा. असे जादा झालेले आम्ही बाजूला ठेवत गेलो, ते पुढे कामाला आले.

या काळात वस्तू पारखायची कशी ते शिकले. फोटोत चार गोष्टी बघायच्या. चारही कडांचा पांढरा भाग सारखा आहे का. कोपरे शाबूत आहेत का. मागची बाजू दाखवली आहे का, नसेल तर मागायची. आणि डाग. च्युइंगमची पट्टी स्टिकरला चिकटून राहिली की मागे एक लांबट, मेणचट ठसा उमटतो. पन्नास वर्षं झाली तरी तो जात नाही. दादाला तो ठसा आवडतो. म्हणतो, “हाच तर खरेपणा.” मला स्वच्छ हवा होता. यावरून आमची दोनदा वादावादी झाली आणि वहिनींनी फोन काढून घेतला.

एक पाकीट वाकून आलं. साध्या लिफाफ्यात घातलेलं, टपालाच्या यंत्रातून जाताना मधोमध घडी पडली. त्यानंतर दादा प्रत्येकाला लिहायचा: स्टिकर प्लास्टिकच्या पिशवीत, ती कडक खोळीत, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी. पारदर्शक सेलोटेप नको, ती उघडताना घात करते. बहुतेक लोक आनंदाने ऐकतात. एका बाईंनी तर स्टिकरसोबत चिठ्ठी पाठवली की हा माझ्या भावाच्या वहीतला आहे, सांभाळा.

डिसेंबरपर्यंत चौदा मिळाले होते. अठ्ठावीस. नऊ यादी-तुकड्यांचा संच दादाने २७ डॉलरला एकदम घेतला. २१ डिसेंबरला तो मुंबईला उतरला तेव्हा सगळं हातातल्या बॅगेत होतं. तेव्हा भारतीय वंशाच्या प्रवाशाला पन्नास हजारांपर्यंतच्या सामानावर शुल्क लागत नव्हतं. पावत्या तरीही त्याने बरोबर ठेवल्या होत्या. कुणी विचारलं नाही.

नव्या भाड्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर आम्ही ते मांडले. आई आता ८६ वर्षांची आहे. तिला भिंग दिलं. तिने सगळे पाहिले, मिनिट लाइसवर थांबली आणि म्हणाली, “हेच ते. मी यांना कधी घरात आणलं नाही.” माझी नात सात वर्षांची. तिने टाइड ओळखलं, बँड-एड ओळखलं, ओट्स ओळखले आणि खो-खो हसली. मी तिच्याकडे बघतच राहिले. १९७६ च्या जूनमध्ये मी पुण्यातल्या शाळेत पाचवीऐवजी सहावीत बसले तेव्हा कंपासपेटीवर एक स्टिकर होता. मुलींनी विचारलं, यात हसण्यासारखं काय? आधी तो माल काय असतो ते सांगायचं, मग त्याचं खरं नाव, मग इंग्रजी शब्दाचा अर्थ, आणि तोपर्यंत मधली सुट्टी संपायची. तेव्हा अख्ख्या पुण्यात हे विनोद कळणारी आम्ही दोनच माणसं आहोत असं मला वाटायचं. आता यातल्या काही वस्तू आमच्याच गल्लीतल्या दुकानात मिळतात आणि सात वर्षांच्या पोरीला विनोद समजावून सांगावा लागत नाही.

राहिले दोन. ‘कूल-एड’ या सरबताच्या पावडरीची टर उडवणारा कूक-एड आणि जेल-ओ. विकायला बरेच होते, पण कूक-एड मिळे तो कडेला कापलेला आणि जेल-ओ डागाळलेला. तो फाटलेला स्टिकर माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता, म्हणून जेल-ओच्या बाबतीत मी हट्टाला पेटले होते. मग दादाने बाजूला ठेवलेले जादा स्टिकर आठवले. ओहायोमधल्या एका संग्राहकाला जानेवारीत यादी पाठवली. त्याला आमच्याकडचे तीन हवे होते, त्याच्याकडे आम्हाला हवे ते दोन होते. अदलाबदलीत एक रीत आहे: नवखा माणूस आधी पाठवतो. आम्ही आधी पाठवले. दोन आठवडे काही कळलं नाही आणि मी दादाला म्हटलं, गेले. मग त्या संग्राहकाचा निरोप आला की बर्फामुळे टपाल अडकलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही दादाकडे एडिसनला पोचले. पुण्याला येणाऱ्या भाचीने ते ९ मार्च २०२४ ला एका पुस्तकाच्या पानांत ठेवून माझ्या हातात दिले.

जेल-ओ उजेडात धरून पाहिला. लाल रंग अजून ताजा. कडा सरळ. पाठ तपकिरी, एकही ठसा नाही. सोलायचा कोपरा नखाला लागतो, तिथे बोट नेलं आणि लगेच मागे घेतलं.

खर्चाचा हिशेब विचारतात म्हणून देते. पहिली खरेदी आणि बँकेचे पैसे धरून ५,२९४, त्यातून परत आलेले १,०६६ वजा. शुल्क ३,९२९. अमेरिकेतली बाकी खरेदी १४५ डॉलर, म्हणजे १२,०३५. स्टिकर ठेवायची प्लास्टिकची पानं आणि डबा १,१५०. एकूण २१,३४२ रुपये. पहिलं पार्सल इथे मागवलं नसतं तर चार हजार सरळ वाचले असते. तिकडे कुणी नात्यातलं असेल तर पहिल्या दिवसापासून त्यांचाच पत्ता द्या.

जपणुकीचं एक राहिलं. नऊ कप्प्यांची पानं घेताना पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पीव्हीसीची स्वस्त मिळतात, पण काही वर्षांनी ती चिकट होतात आणि छपाईला धरतात. पुण्याचा पावसाळा बेताचा असला तरी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि जूनमध्ये बदलते. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर महिन्याला बदला. पानं उभी ठेवा, आडवी एकावर एक रचू नका. दाबाने जुना गोंद कडेने बाहेर येतो.

ट्रंक नव्या घरीही आणली आहे. झाकणावर दहा पुरे आणि एक अर्धा. त्याला आता कुणी हात लावत नाही.

माझ्याकडे सध्या चार जादा आहेत, चारही तपकिरी पाठीचे: दोन स्किम्पी, एक क्रस्ट, एक वीकीज. स्किम्पीपैकी एकाला च्युइंगमचा डाग आहे. महाराष्ट्रात कुणी हा संच करायला घेतला असेल तर अदलाबदलीला मी तयार आहे, आणि या वेळी आधी मी पाठवीन.